एकटीनं निघते आहेस, पण आधी तिकीट पुन्हा बघ

'ताई, मी नेरूळला राहते. मुलगा २२ महिन्यांचा आहे. नवरा गेल्या सप्टेंबरपासून कंपनीच्या प्रोजेक्टवर फ्रँकफर्टला आहे. मे महिन्यात मी आणि मुलगा सहा आठवड्यांसाठी त्याच्याकडे जाणार आहोत. व्हिसा हातात आलाय, थेट विमानाची तिकिटंही काढली आहेत. १५ मेला रात्री एकनंतरचं विमान, परत २६ जूनला. बाळाचं मांडीवरचं तिकीट आहे. ९ जूनला तो दोन वर्षांचा होईल, म्हणजे वाढदिवस बाबांसोबत होईल याचा आनंद आहे. पण सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोराला घेऊन एकटी कशी जाशील? शेजारच्या काकूंनी सांगितलं, सर्दीचं औषध पाज, झोपून जाईल. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, त्यावरून अडवतील का? तो नऊ तास रडत राहिला तर लोक काय म्हणतील? आणि एक भीती कुणालाच बोलले नाही. तो बाबांना ओळखेल का?'

— एक आई, नेरूळ

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एका तारखेशी अडखळले. बाकी सगळं सावकाश बोलू, पण हे आधी. विमान कंपन्यांच्या हिशेबात 'इन्फंट' म्हणजे दोन वर्षांच्या आतलं मूल, आणि वय धरतात ते प्रवासाच्या दिवशीचं. जाताना तुझा मुलगा मांडीवर बसू शकतो. २६ जूनला त्याला दोन वर्षं पूर्ण होऊन सतरा दिवस झालेले असतील, त्या दिवशी त्याला स्वतःची सीट लागणार. काही कंपन्या परतीपुरतं लहान मुलाचं तिकीट करून देतात, काही पूर्ण प्रवासाचंच बदलायला लावतात. तुझ्या कंपनीचा नियम काय आहे ते आजच फोन करून विचार आणि उत्तर ईमेलवर मागून घे. जूनअखेरीस फ्रँकफर्टच्या काउंटरवर, रडवेलं मूल कडेवर घेऊन, त्या दिवशीच्या भावानं सीट विकत घ्यायची वेळ तुझ्यावर येऊ नये.

फोन लावतेच आहेस तर जातानाच्या सीटचाही भाव विचार. मांडीवरच्या तिकिटाला मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास पैसे पडतात, त्यामुळे तो मोह होणं साहजिक आहे. पण २३ महिन्यांचं मूल अकरा-बारा किलोचं असतं. पुढच्या भिंतीला अडकवतात त्या पाळण्याची, बॅसिनेटची, वजनाची आणि लांबीची मर्यादा असते आणि या वयाची बहुतेक मुलं त्यात मावत नाहीत. म्हणजे रात्रभर, नऊ तास, बारा किलो तुझ्या मांडीवर. सोबत दुसरं माणूस असतं तर मी काही बोलले नसते. तू एकटी आहेस, म्हणून सांगते: जमत असेल तर जातानाही त्याला सीट घे. दुसरीकडे काटकसर कर, कपडे कमी ने, पण इथे करू नकोस.

आणखी दोन गोष्टी तिकिटावरच बघून घे. १५ मे, रात्री एकनंतर, म्हणजे घरून निघायचं १४ तारखेला संध्याकाळी. १५ तारखेच्या रात्री बॅगा घेऊन विमानतळावर उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. दुसरं, तुमच्या उलव्याचा नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय, आणि नेरूळच्या गाडीवाल्याला 'एअरपोर्ट' म्हटलं तर आता तो विचारात पडेल. तिकिटावर बीओएम (BOM, मुंबईच्या जुन्या विमानतळाचं लघुनाव) लिहिलं असेल तर तुला वाशीचा खाडीपूल ओलांडून, चेंबूर-कुर्ल्यावरून, मुंबईच्या टर्मिनल दोनला जायचंय. विमान सुटायच्या चार तास आधी तिथे पोच. बाळ सोबत असलं की घरबसल्या चेक-इन बऱ्याचदा होत नाही, काउंटरवर जावंच लागतं.

आता पासपोर्टाचं. माहेरचं नाव असणं हा गुन्हा नाही, आणि त्यासाठी आता धावपळ करून नाव बदलायला जाऊ नकोस, कारण व्हिसा त्याच पासपोर्टवर लागलाय. फक्त तू आणि तो मायलेक आहात हे दाखवणारा कागद हाताशी हवा. तो म्हणजे त्याचा जन्मदाखला, मूळ प्रत, केबिनच्या बॅगेत. तो दाखला आज कपाटातून काढ आणि नीट वाच. आपल्याकडे बारसं व्हायच्या आधीच हॉस्पिटलमधून जन्माची नोंद जाते आणि कितीतरी दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामीच राहते. तुझा मुलगा पासपोर्टधारी आहे म्हणजे नाव बहुधा असेल. पण आईचं नाव तुझ्या पासपोर्टावर आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं आहे का, तेही बघ. नसेल तर अजून महिना हातात आहे, महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात चौकशी कर.

सोबत नवऱ्याचं इंग्रजीतलं एक पत्र असू दे: मुलगा आईबरोबर या तारखेला निघून माझ्याकडे येतोय, माझी संमती आहे, हा माझा पत्ता, हा फोन. खाली सही आणि जोडीला त्याच्या पासपोर्टाची आणि तिथल्या निवास परवान्याची झेरॉक्स. फ्रँकफर्टला भारताचं वाणिज्य दूतावास आहे, तिथून साक्षांकित करून पाठवता आलं तर फारच छान. हे पत्र कुणी मागेलच असं नाही. पण एकट्या आईला किंवा एकट्या बापाला लहान मुलासोबत बघून अधिकारी प्रश्न विचारतात तो मुलाच्या भल्यासाठी, कुणी मूल पळवून नेत नाही ना एवढ्यासाठी. तेव्हा चिडू नकोस, कागद पुढे कर.

ज्यांचा व्हिसा अजून व्हायचाय अशा वाचकांसाठी दोन ओळी. शेंगेन व्हिसाला, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाला, सहा वर्षांखालच्या मुलांना फी पडत नाही आणि बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत; प्रवास विमा मात्र मुलाचाही लागतो, किमान ३० हजार युरोंचा. मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तेव्हा त्याची मुदत तिकीट काढायच्या आधी बघावी.

आता तुझ्या रडण्याच्या प्रश्नाकडे येते. म्हणजे त्याच्या रडण्याच्या.

माझी मुलगी चौदा महिन्यांची असताना मी तिला घेऊन एकटी लंडनला गेले होते. आठ तास छान गेले. खेळली, झोपली, शेजारच्यांशी हसली. मला वाटलं, जिंकलं. मग विमान खाली उतरायला लागलं, पट्टे बांधायचा दिवा लागला, आणि ती किंचाळायला लागली. साधं रडणं नव्हतं ते. उजवा कान मुठीत धरून ओढत होती, मान मागे टाकत होती. दुधाची बाटली होती वरच्या कप्प्यातल्या बॅगेत. मी उठायला गेले तर हवाईसुंदरीनं लांबूनच हातानं बसा म्हणून सांगितलं, तीही पट्टा बांधून बसलेली. पंचवीस मिनिटं. शेवटी माझ्या शेजारच्या आजींनी, कोण कुठल्या होत्या कुणास ठाऊक, पर्समधून स्वच्छ रुमाल काढला, त्याचं टोक प्यायच्या पाण्यात बुडवलं आणि माझ्या मुलीच्या तोंडात दिलं. ती चोखायला लागली. दोन घोट गिळले, तिसरा गिळला, आणि हाताची मूठ सैल झाली. त्या रुमालाला निळी किनार होती, अजून डोळ्यांपुढे आहे.

झालं होतं असं की कान आणि घसा यांना जोडणारी एक बारीक नळी असते, आणि लहान मुलांची ती मोठ्यांपेक्षा अरुंद आणि आडवी असते. विमान उतरताना केबिनमधला हवेचा दाब वाढतो आणि कानाचा पडदा आत दाबला जातो. गिळलं की ती नळी क्षणभर उघडते आणि दाब सारखा होतो. मोठा माणूस आवंढा गिळतो, जांभई देतो. मुलाला ते सांगता येत नाही. म्हणून उतरायच्या साधारण अर्धा तास आधी, वैमानिकाची घोषणा झाली की, मुलगा झोपला असेल तरी त्याला उठव. सिपरमध्ये पाणी किंवा दूध तयार ठेव आणि ते समोरच्या सीटच्या खिशात ठेव, वर नाही. थोडं थोडं पाज. तरी रडला तर रडू दे, रडण्यानंही ती नळी उघडायला मदतच होते. सर्दीनं नाक गच्च झालेलं असेल किंवा कान दुखत असेल तर मात्र निघायच्या आधी डॉक्टरांना कान दाखवल्याशिवाय विमानात बसू नकोस.

आणि लोक काय म्हणतील? काही जण वळून बघतील. बघू देत. त्या विमानात बसलेला प्रत्येक माणूस कधीतरी असाच रडलाय, फक्त त्याला आठवत नाही. तुझं लक्ष त्याच्याकडे असलं, त्याला काय होतंय ते तू शोधत असलीस, तर तुझं काम तू करते आहेस. सगळ्यांची माफी मागत बसू नकोस. आई घाबरली की मूल आणखी घाबरतं, हे तुला घरीच रोज दिसत असेल. मदत मात्र माग. स्पष्ट शब्दांत माग. 'दोन मिनिटं याला धरता का, मला बाथरूमला जायचंय', हे वाक्य उच्चारायला संकोच वाटतो, पण नऊ तासांत ते एकदा तरी म्हणावंच लागतं. आजूबाजूला एखादी मावशी किंवा काका असतातच, ज्यांना आपल्या नातवाची आठवण येत असते.

काकूंच्या औषधाबद्दल माझं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. सर्दी-अॅलर्जीच्या औषधानं झोप येते ती त्याचा दुष्परिणाम म्हणून. काही मुलांमध्ये नेमका उलटा परिणाम होतो, मूल झोपायच्या ऐवजी चेकाळतं, आणि मात्रा चुकली तर श्वासावर बेतू शकतं. डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं लेबलवर छापायला सांगितलंय. ढगांच्या वर, डॉक्टर हाताशी नसताना, असा प्रयोग करायचा नाही. जायफळाचंही तेच. दुधात चवीपुरतं चिमूटभर वेगळं, आणि झोप यावी म्हणून उगाळून चाटवणं वेगळं. जायफळ जास्त झालं तर ते बाधतं. बालरोगतज्ज्ञांकडे निघायच्या तीन-चार आठवडे आधी जा, लसींचं कार्ड दाखव, दीड वर्षापर्यंतचं काही राहिलं असेल तर तेव्हाच होऊन जाईल. तापाच्या औषधाची त्याच्या आताच्या वजनाप्रमाणे मात्रा कागदावर लिहून घे. तो कागद, औषधाची सीलबंद बाटली, ओआरएसची पाकिटं आणि थर्मामीटर केबिनच्या बॅगेत.

आणि डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंना बरोबर घेऊन जा. तू हे प्रश्नात विचारलेलं नाहीस, तरी सांगते. त्यांची काळजी खरी आहे. नातू रोज त्यांच्या कुशीत असतो आणि सहा आठवडे दिसणार नाही, हेही त्या काळजीत मिसळलेलं असणार. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर 'न्या की खुशाल' म्हटलं तर त्यांना तुझ्याशी वाद न घालता मन बदलता येईल. शिवाय त्यांना एक काम दे. घरात त्यांच्या जुन्या लुगड्याची किंवा साडीची गोधडी असेल, ज्यात तो झोपतो, ती मागून घे. नसेल तर महिनाभरात छोटीशी शिवून द्यायला सांग आणि आजपासून त्याला तीच पांघर. निघायच्या आधी ती धुऊ नकोस. परक्या विमानात, दिवे मंद झाल्यावर, ओळखीचा वास त्याला जेवढं निजवेल तेवढं कुठलंही खेळणं निजवणार नाही.

खाऊचं मात्र त्यांना प्रेमानं पण स्पष्ट सांगावं लागेल. मे महिना, वाशीचं मार्केट जवळ, म्हणजे लेकासाठी हापूसची पेटी आलीच. ती नेता येत नाही. युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून ताजी फळं न्यायची तर रोपांच्या आरोग्याचा सरकारी दाखला लागतो. त्यातून सूट आहे ती फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना. २०१४ च्या मे महिन्यात तर फळमाशी सापडली म्हणून त्यांनी आपल्या हापूसची आयातच थांबवली होती, ती बंदी पुढच्या वर्षी उठली. तेव्हा आंब्याच्या बाबतीत ते लोक गंमत करत नाहीत. कढीपत्त्याची जुडीही नको. दुधाचे पदार्थही बाहेरून आणायला बंदी आहे, त्यामुळे साजूक तुपाची बरणी, पेढे, खवा सगळं घरीच. बाळाचं डब्यातलं दूधपावडर आणि बाळाचं खाणं तेवढं दोन किलोपर्यंत चालतं, कंपनीचं पाकीटबंद असलं तर. नाचणीसत्त्व, मेतकूट, मऊ भातासाठी भाजून भरडलेले तांदूळ, चकल्या असं कोरडं सामान बिनधास्त ने. त्याच्या बाबालाही मेतकूट-भात मिळून किती महिने झाले असतील!

हातातल्या बॅगेत कुठलाही द्रव पदार्थ १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत न्यायचा नाही, या नियमातून बाळाचं दूध आणि खाणं वगळलेलं असतं, प्रवासापुरतं नेता येतं. सुरक्षा तपासणीला ते आधीच बाहेर काढून दाखव. कधी उघडून बघतात, कधी तपासतात. नाचणीसत्त्वासाठी गरम पाणी मागशील तेव्हा ते फार कढत येतं. कप त्याच्या हाताच्या टप्प्यात ठेवू नकोस. निम्मं गार पाणी घालूनच जवळ घे. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं विमानात देऊच नकोस. हवा फार कोरडी असते, दोघंही पाणी पीत राहा. डायपर एकेक सुटा बांध: एक पँटसारखा डायपर, चार वाइप्स, एक कचऱ्याची पिशवी, असं एका छोट्या पाकिटात. विमानातलं बाथरूम इतकं अरुंद असतं की मोठी बॅग आत नेली तर मूल ठेवायला जागा उरत नाही, आणि या वयाच्या मुलाला उभ्यानं बदलणंच सोपं जातं. जादा कपडे त्याचेही ने आणि तुझा एक कुर्ताही.

हे सगळं एकदा करून बघ. खोटं वाटेल, पण एप्रिलच्या एखाद्या दुपारी हीच बॅग पाठीला लाव, हीच बाबागाडी घे आणि नेरूळहून ठाण्याची लोकल पकड. अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. तलावपाळीला त्याला बदकं दाखव, बाकावर बसून त्याला जेव घाल, डायपर बदल, आणि परत जा. कुठली वस्तू हाताला पटकन लागत नाही, बॅगेचा कुठला पट्टा खांद्याला काचतो, बाबागाडी एका हातानं मिटते का, हे तुला त्या दुपारी कळेल. बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते, पण उतरल्यावर ती दारात मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर, याचा भरवसा नसतो. म्हणून छातीला बांधायची झोळी किंवा कॅरिअर जवळ हवाच.

फ्रँकफर्टला पासपोर्टच्या काउंटरवर त्याची टोपी काढ आणि त्याला जागा ठेव. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात प्रवाशांची नोंद नव्या पद्धतीनं होते. एवढ्या लहान मुलांचे ठसे घेत नाहीत, पण चेहऱ्याचा फोटो काढतात. घरी जायला टॅक्सीपेक्षा लोकल बरी. जर्मनीत मोटारीत लहान मुलाला चाइल्ड सीटशिवाय बसवता येत नाही, आणि विमानतळाखालूनच गावात जाणारी एस-बान सुटते, तिच्यात बाबागाडी सहज चढते.

पहिले चार-पाच दिवस तो पहाटे उठेल. उन्हाळ्यात तिथली घड्याळं आपल्या साडेतीन तास मागे असतात, म्हणजे नेरूळच्या सकाळी सातला तिथे साडेतीन वाजलेले असतात. त्याला दटावू नका, दिवा मंद ठेवून शांत खेळू द्या, आणि दिवसा उन्हात भरपूर फिरवा. संध्याकाळी मात्र जूनमध्ये साडेनऊनंतर सूर्य मावळतो, त्यामुळे झोपवताना खिडकी पूर्ण झाकावी लागेल. तू शुक्रवारी पोचतेस. शनिवारी डायपर, दूध, फळं घरात आणून ठेवा, कारण रविवारी तिथली दुकानं बंद असतात. फ्रीजवर दोन नंबर चिकटवून ठेव: तातडीच्या मदतीसाठी ११२, आणि दवाखाने बंद असताना डॉक्टरसाठी ११६११७. परत येताना जूनचा शेवट, म्हणजे इथे पाऊस. घरच्यांना गाडी घेऊन यायचं असेल तर कुर्ल्या-सायनला पाणी तुंबलंय का ते बघूनच निघायला सांग, आणि तुझ्या हातातल्या बॅगेत त्याचं एक जेवण जास्तीचं ठेव.

आता तो प्रश्न, जो तू कुणाला बोलली नाहीस.

खरं सांगते. कदाचित पहिल्या क्षणी तो ओळखणार नाही. बाबा गेला तेव्हा तो पंधरा महिन्यांचा होता, आणि आठ महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा. त्याला जो बाबा माहीत आहे तो वीतभर उंचीचा आहे, चौकटीत राहतो आणि आजीच्या हातातून बोलतो. आवाज ओळखीचा असेल. पण सहा फुटांचा, दाढीचा, वास असलेला माणूस त्याच्यासाठी नवा असणार. तो तुझ्या मानेत तोंड खुपसेल, कदाचित रडेल. याचा अर्थ त्यांचं नातं तुटलं असा अजिबात नाही. या वयाला परक्याची भीती वाटणं हे मूल नीट वाढत असल्याचंच लक्षण आहे.

तुमच्या बाजूला मर्चंट नेव्हीतली कितीतरी घरं आहेत, त्यांना हे पाठ असतं. माझ्या ओळखीतला एक जण सात महिन्यांनी बोटीवरून घरी आला, तेव्हा त्याची लेक दोन वर्षांची होती. दोन दिवस ती त्याच्या सावलीलाही उभी राहिना. त्याचे डोळे भरून यायचे. तिसऱ्या दिवशी तो तिच्या मागे जायचं सोडून स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसला आणि मटार सोलायला लागला. तिच्याकडे बघितलंही नाही. ती दारातून बघत राहिली. मग एक साल उचललं, ताटात टाकलं. मग दुसरं. पाचव्या सालाला ती त्याच्या गुडघ्यावर बसून होती.

तेव्हा आजपासून एवढं कर. रोजच्या व्हिडिओ कॉलमध्ये बाबानं एक ठरलेली गोष्ट करायची: तीच अंगाई, किंवा तीच टाळी, तोच 'भॉक'. रोज एकच. कपाटात त्याचा एखादा सदरा असेल तो बाहेर काढ, 'हा बाबाचा' म्हणत घडी घाल, मुलाला घालू दे. आणि नवऱ्याला हे पत्र वाचायला दे, किंवा फोनवर शांतपणे सांग. आठ महिने ज्या क्षणाची वाट पाहिली त्या क्षणी पोरानं तोंड फिरवलं तर बापाचं काळीज तुटतं, त्याची तयारी त्यालाही हवी. बाहेर येणाऱ्या दारापाशी त्यानं धावत येऊन मुलाला तुझ्याकडून ओढून घ्यायचं नाही. आधी तुला भेटायचं. आई या माणसाला बघून हसते आहे, हे मुलाला दिसू दे. मग खाली बसायचं, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि ती रोजची टाळी वाजवायची. हातात फुलं नकोत, हात मोकळे असू देत. खिशात फक्त एक केळं आणायला सांग. पोराला तोवर भूक लागलेली असेल.